बिल्ल्यावर विसंबू नका

जुनी अमेरिकी सायकल समोर आली की नवखा माणूस हँडलखालच्या नळीवरचा बिल्ला वाचतो. मुरलेला संग्राहक आधी सायकल उलटी करतो.

त्याला कारण आहे. १८९५ मध्ये शिकागोत सुरू झालेल्या श्विन कंपनीने आपल्याच फ्रेमवर बी. एफ. गुडरिच, हेंडरसन, एक्सेल्सियर असे निरनिराळे बिल्ले लावून सायकली विकल्या. विक्रेत्या सीअर्स कंपनीच्या ‘एल्जिन’ सायकली तर वेस्टफील्ड, मरे अशा दुसऱ्याच कारखान्यांतून येत. थोडक्यात, बिल्ला विकणाऱ्याचं नाव सांगतो, घडवणाऱ्याचं नव्हे.

सायकल उलटी केली की क्रमांक दिसतो. श्विनवर तो १९५२ पर्यंत पेडलच्या आसाच्या नळीखाली ठोकत, मग मागच्या चाकाच्या डाव्या खाचेजवळ आणि १९७० पासून पुढच्या नळीवर. म्हणजे क्रमांक वाचण्याआधी त्याची जागाच काळ सांगू लागते. १९६५ पासून कोडही सोपा झाला: पहिलं अक्षर महिन्याचं, दुसरं वर्षाचं. ‘सी’ आणि ‘डी’ म्हणजे मार्च १९६८. पण १९४८ पूर्वीच्या नोंदी कारखान्याच्या आगीत गेल्या. शिवाय क्रमांक पडला त्या दिवशीच सायकल जोडून झाली असं नाही. तो ठसा फक्त ‘याच्या आधीची नाही’ एवढंच खात्रीने सांगतो.

क्रमांक गप्प राहिला की सुटे भाग बोलू लागतात. लाकडी रिम दिसली तर नजर १८९० च्या दशकातल्या सायकलवेडाकडे जाते. चेनच्या चक्रावरच्या दोन दात्यांमधलं अंतर पूर्ण एक इंच असेल तर सायकल बहुधा दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागची किंवा त्याहून जुनी. सव्वादोन इंचांच्या जवळपास रुंदीचे, आत वेगळी ट्यूब असलेले फुगीर टायर श्विनने १९३३ मध्ये बाजारात आणले. मूळचे तसेच टायर असलेली सायकल त्याआधीची नसणार. क्रोमच्या जागी काळा रंग दिलेले भाग बघितले की युद्धकाळातली धातूटंचाई आठवावी. ‘मॉरो’ हबवर तर वर्षाचं अक्षर आणि तिमाहीचा आकडा कोरलेला असतो.

अर्थात चाक बदलता येतं, फ्रेमही रंगवता येते. १९४९ ते १९५९ मध्ये गाजलेल्या ‘ब्लॅक फँटम’ची नक्कल खुद्द श्विनने शताब्दीनिमित्त १९९५ मध्ये काढली. तीही आता जुनी दिसू लागली आहे.

म्हणून जाणकार एका खुणेवर निकाल देत नाही. फ्रेम, हब, चेन आणि रिम यांचे काळ तो शेजारी शेजारी मांडतो. ते जुळले तर साल ठरतं. एखादा भाग वेगळं बोलत असेल तर दुरुस्ती कधी झाली ते कळतं. आणि म्हणूनच झिजलेला मूळ रंग त्याला चकचकीत नव्या रंगापेक्षा प्यारा असतो. नव्या रंगाआधी फ्रेम घासताना उथळ ठसे पुसट होतात आणि ते पुन्हा उमटवण्याचा प्रामाणिक मार्ग नाही.