‘हो’ म्हणजे कळले असे नाही



रुग्णालयात परिचारिका काय करते, असे विचारले तर बहुतेक जण सांगतात : इंजेक्शन देते, सलाईन लावते, ताप पाहते, डॉक्टरांना मदत करते. हे सगळे खरे आहे. पण वॉर्डात समुपदेशनाचे काम करताना तिचे आणखी एक काम मी जवळून पाहत आलो आहे. रुग्णाला त्याचा आजार, त्याचे औषध आणि त्यातला धोका त्याला उमजेल अशा शब्दांत सांगणे, हे ते काम. त्याची नोंद कोणत्याही बिलात नसते. रुग्णाचा जीव या कामावर किती अवलंबून असतो, हे मला माझ्याच एका चुकीतून कळले.

सातपुड्यातल्या अक्राणी भागातील एक पावरा शेतकरी क्षयरोगासाठी आमच्याकडे दाखल होते. वय साठीच्या आसपास. पावसाळ्यात ते घरी जायला निघाले, तेव्हा त्यांना समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे होते. मी मराठीत सांगितले, “बाबा, गोळ्या रोज घ्यायच्या, सहा महिने घ्यायच्या, मध्येच सोडायच्या नाहीत. खोकताना तोंडावर फडके धरायचे.” प्रत्येक वाक्याला त्यांनी मान हलवली, “हो, हो.” मी कागदावर ‘समुपदेशन पूर्ण’ असे लिहिले आणि सही केली.

महिन्याभराने त्यांची सून तान्ह्या मुलाला घेऊन आली. मुलाला खोकला होता. आमच्या सिस्टरांनी तिला विचारले, “सासरे गोळ्या कधी घेतात, सकाळी की रात्री?” सून गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, “आता घेत नाहीत. लघवी लाल झाली. औषध रक्त काढतंय म्हणून त्यांनी सगळ्या बंद केल्या.”

क्षयरोगाच्या उपचारात रिफाम्पिसिन नावाचे औषध असते. त्याने लघवी नारिंगी-लालसर होते, कधी घाम आणि अश्रूंनाही तो रंग येतो. त्यात रक्त नसते आणि त्या रंगाने अपायही होत नाही. हे एक वाक्य मी सांगायचे विसरलो होतो. त्या एका वाक्यावाचून एका माणसाचा उपचार तुटला. अर्धवट सोडलेल्या औषधाने क्षयरोगाचे जंतू त्या औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. मग उपचार अधिक कठीण होतात, आणि खोकल्यावाटे तोच आजार घरातल्यांना लागण्याचा धोका राहतो. त्या घरात तर तान्हे मूल होते.

सिस्टरांनी मला दोष दिला नाही. त्यांनी बाबांना बोलावून घेतले. डॉक्टरांनी पुन्हा तपासणी करून औषध नव्याने सुरू केले. मग सिस्टर त्यांच्याजवळ बसल्या आणि पावरी बोलीत सगळे सांगितले, रंगाचेही. शेवटी म्हणाल्या, “बाबा, आता घरी गेल्यावर आजीला काय सांगाल, ते मला सांगा बरं.” बाबांनी नीट सांगितले. फक्त एक गोष्ट चुकली : गोळ्या ‘बरं वाटेपर्यंत’ घ्यायच्या, असे त्यांना वाटत होते. मला मिळालेल्या ‘हो’ मध्ये हा गैरसमज लपून राहिला होता. तेव्हा नवरात्र जवळ आले होते. सिस्टर म्हणाल्या, “होळी होऊन जाऊ द्या. मग डॉक्टर तपासतील आणि सांगतील. तोवर एकही दिवस चुकवायचा नाही.” सहा महिने हा आकडा त्यांच्या मनात ठरला नव्हता, होळी मात्र पक्की ठरली.

रुग्णाने ऐकलेले त्याच्याच तोंडून पुन्हा सांगून घेण्याच्या या पद्धतीला परिचर्येत ‘टीच-बॅक’ म्हणतात. ही रुग्णाची परीक्षा नव्हे, आपण नीट सांगितले की नाही याची ती परीक्षा असते. म्हणून “कळलं का?” असे विचारायचे नाही. मोठ्या माणसासमोर, डॉक्टरसमोर ‘नाही’ म्हणणे आपल्याकडे उद्धटपणाचे वाटते, आणि भाषा परकी असली की माणूस ‘हो’ म्हणूनच सुटका करून घेतो.

हेच ‘हो’ वॉर्डातही घात करू शकते. आमच्या भागात एकेका आडनावाची अनेक कुटुंबे आहेत. एकाच वेळी दोन पावरा, तीन वसावे शेजारशेजारच्या खाटांवर असतात. “तुम्ही अमुकच ना?” असे विचारले तर झोपेतला माणूस ‘हो’ म्हणेल. म्हणून चांगली परिचारिका विचारते, “तुमचं पूर्ण नाव सांगा. गाव कोणतं?” आणि ते कागदाशी ताडून पाहते. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, या पाच गोष्टी जुळल्याशिवाय औषध द्यायचे नाही, असे तिला पहिल्या वर्षापासून शिकवलेले असते.

रक्त चढवताना तर ही काळजी अधिकच. आदिवासी भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच असल्याने रक्ताची गरज वरचेवर पडते. चुकीच्या गटाचे रक्त थोडेसे गेले तरी जिवावर बेतू शकते. म्हणून पिशवीवरचा गट आणि क्रमांक दोघे जण मिळून खाटेपाशी तपासतात आणि पहिली पंधरा मिनिटे परिचारिका रुग्णावर लक्ष ठेवून असते. ती त्याला सांगून ठेवते, “थंडी वाजली, अंगाला खाज आली, कंबर दुखली, दम लागला, तर लगेच हाक मारा.” हे ऐकलेला रुग्ण स्वतःच आपला राखणदार होतो.

नातेवाईकांनाही असेच सांगावे लागते. सलाईन लवकर संपावे म्हणून कोणी चाक फिरवून वेग वाढवतो. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला त्याने धाप लागू शकते. थंडी वाजते म्हणून कोणी क्षयरोगाच्या वॉर्डातली खिडकी लावून घेतो. हवा खेळती राहिली नाही तर जंतू आतच राहतात. ऑक्सिजन लावलेल्या खाटेजवळ विडी पेटवली तर आग भडकायला वेळ लागत नाही. नुसते ‘हात लावू नका’ म्हटले की पाठ वळताच हात लागतो. कारण सांगितले की तेच नातेवाईक दुसऱ्यांना अडवतात.

हात धुण्याचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी पाच वेळा सांगितल्या आहेत : रुग्णाला स्पर्श करण्याआधी, निर्जंतुक काम करण्याआधी, रक्त वा इतर स्रावांशी संपर्क आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. आमच्या सिस्टर हे नातेवाईकांनाही शिकवतात आणि वर म्हणतात, “मी विसरले तर मला आठवण करा.”

या सगळ्याला वेळ लागतो. रात्रपाळीत भरलेला वॉर्ड सांभाळणाऱ्या परिचारिकेकडे नेमका तोच नसतो. म्हणून ही शिकवण फक्त तिच्यावर टाकून चालणार नाही. आमच्यासारख्या समुपदेशकांनी, गावातल्या आशाताईंनी आणि तुम्हीही तिला हातभार लावायला हवा. ओळखीच्या रुग्णासोबत दवाखान्यात जाल, तेव्हा निघण्यापूर्वी चार गोष्टी विचारून घ्या : हे औषध कशासाठी? कसे आणि किती दिवस घ्यायचे? घेतल्यावर शरीरात काय बदल दिसू शकतात? काय झाले तर लगेच परत यायचे? रुग्णाला मराठी नीट येत नसेल, तर त्याची बोली जाणणारा माणूस सोबत न्या.

त्या घरातल्या तान्ह्या मुलाला तपासणीत क्षयरोग आढळला नाही. त्याला प्रतिबंधक औषध सुरू झाले. बाबांनी होळीपर्यंत गोळ्या घेतल्या. शेवटच्या तपासणीत थुंकीत जंतू सापडले नाहीत. त्या दिवशी कागदावर ‘समुपदेशन पूर्ण’ असे लिहिण्याआधी मी त्यांना विचारले, “बाबा, पुन्हा खोकला आला तर काय कराल?” ते हसले आणि म्हणाले, “दोन आठवडे राहिला तर सिस्टरांकडे येईन. आणि नातवालाही आणीन.”

मग मी सही केली.