रुग्णशय्येपासून केस मॅनेजमेंटकडे
अमेरिकेत १९८३ साली मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेने रुग्णालयांना, रुग्ण किती दिवस राहिला हे न पाहता, निदानाच्या वर्गानुसार ठरीव रक्कम देण्यास प्रारंभ केल्यापासून, घरी परतणाऱ्या रुग्णाची पुढील तजवीज वेळेत लावणाऱ्या केस मॅनेजरचे महत्त्व वाढत गेले. विमा कंपनीची मंजुरी मिळवणे, घरच्या शुश्रूषेची वा पुनर्वसनकेंद्राची तरतूद करणे, कुटुंबीयांची समजूत घालणे, हे काम वरकरणी दप्तरी भासले, तरी ज्या परिचारिकेने रात्रपाळीत रुग्णाची ढासळती प्रकृती नुसत्या श्वासावरून ओळखली आहे, तिचाच निर्णय येथे, माझ्या मते, सर्वाधिक विश्वसनीय ठरतो. सीसीएम (सर्टिफाइड केस मॅनेजर) प्रमाणपत्राच्या परीक्षेस मात्र परिचारिकेच्या परवान्याबरोबर प्रत्यक्ष केस मॅनेजमेंटचा अनुभव लागतो. म्हणून इच्छुक परिचारिकेने प्रथम आपल्याच रुग्णालयातील डिस्चार्ज नियोजनाच्या विभागात जागा मागावी.