भांडी धुतली, तरी पांढुरकी का?

वरणगाव तापीकाठच्या भुसावळ तालुक्यातले. इथे डिशवॉशरला बोअरचे जड पाणी दिले की काचेच्या पेल्यांवर पांढरी झाक येते आणि दोष मशीनच्या माथी मारला जातो.

खरे-खोटे तपासणे सोपे आहे. पेल्यावर व्हिनेगरचे दोन थेंब चोळावेत. झाक गेली तर ते क्षार. नाहीच गेली तर काच झिजली आहे, आणि ती पूर्ववत होत नाही. क्षारांवर इलाज मशीनच्या तळातल्या मिठाच्या टाकीत असतो. तिथल्या राळेचे मणी पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि मीठ त्या मण्यांना पुन्हा ताजे करते. त्यासाठी डिशवॉशरचे जाड मीठच हवे. स्वयंपाकाचे बारीक मीठ गोळा होऊन बसते. पाण्याच्या जडपणाचा आकडाही मशीनमध्ये भरावा लागतो. हे बहुतेक घरांत राहूनच जाते.

भांडी चिकट राहिली तर आधी जाळी काढून पाहावी. खानदेशात भरिताच्या वांग्याच्या बिया आणि शेवभाजीचा तेलकट गाळ तिथे हमखास सापडतो. फिरत्या पात्याच्या भोकांत अडकलेली बी टूथपिकने निघते. पाते हाताने फिरवून पाहावे. उंच पातेले आडवे आले तर पाते थांबते आणि वरचा कप्पा कोरडाच राहतो.

तळाशी पाणी साचले तर सांडपाण्याची नळी ओट्यामागे दुमडली आहे का, ते बघावे.

लोखंडी तवा आणि पितळेची भांडी मात्र हातानेच घासावीत.