वृद्धांचा मेंदू आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या

"म्हातारपणी विसर पडायचाच," असे म्हणून आपण घरातील वडीलधाऱ्यांकडे दुर्लक्ष करतो. ते योग्य नाही. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण त्याला प्राणवायू सुमारे २० टक्के लागतो. तो केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांतून पोहोचतो. उच्च रक्तदाब, मधुमेह व तंबाखू यांमुळे वर्षानुवर्षे या वाहिन्यांच्या भिंती जाड व कडक होतात, आतील अस्तर झिरपू लागते. रक्तातील नको ती द्रव्ये मेंदूत शिरतात, संरक्षक पेशी चेततात आणि मंद दाह धुमसत राहतो. त्यात मेंदूच्या आतील पांढऱ्या भागातील तंतू झिजतात. मग चाल मंदावते, विचाराला वेळ लागतो, मन उदास राहते.

अमेरिकेतील 'स्प्रिंट माइंड' अभ्यासात (२०१९) वरचा रक्तदाब १२० च्या खाली ठेवण्याचे उपचार घेतलेल्यांत स्मरण व आकलनातील सौम्य घट कमी आढळली. आपला रक्तदाब किती असावा, हे डॉक्टरांनी ठरवावे. तो नियमित मोजावा. बरे वाटते म्हणून गोळी बंद करू नये.

पाचवे शील मद्यापासून दूर राहण्यास सांगते. उपासक-उपासिकांनी तंबाखू व मिश्रीलाही तोच नियम लावावा.