शब्द अवघड, अर्थ ओळखीचा

जुन्नर तालुक्यातील आळे येथे रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, तोच हा रेडा, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. त्याच ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये गीतेचा अर्थ मराठीत आणला. आज सामान्य माणसाला अशीच अगम्य वाटते ती केसपेपरवरची इंग्रजी.

खरे तर त्यातले अनेक शब्द रोजच्याच तक्रारींचे असतात. ‘एपिस्टॅक्सिस’ म्हणजे घोळणा फुटणे. ‘सिंगल्टस’ म्हणजे उचकी. आतड्यातून वायू आणि पाणी पुढे सरकताना पोटात गुडगुडते, ते ‘बोर्बोरिग्मी’. अंगावर मुंग्या चालल्यासारखे वाटणे म्हणजे ‘फॉर्मिकेशन’. लॅटिनमध्ये मुंगीला ‘फॉर्मिका’ म्हणतात. आपणही हातापायाला मुंग्या आल्या, असेच म्हणतो.

काही शब्द उगाच घाबरवतात. अहवालात ‘अनरिमार्केबल’ लिहिले असेल, तर नोंद घेण्यासारखा दोष दिसलेला नाही. ‘इडिओपॅथिक’ म्हणजे आजाराचे कारण सापडलेले नाही. उपचार नाहीत, असा त्याचा अर्थ नव्हे.

मात्र दोन छोटे शब्द गंभीर आहेत. ‘मेलेना’ म्हणजे डांबरासारखी काळी, चिकट शौच. जठरात रक्तस्राव होत असल्याची ती खूण असू शकते. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेत राहणाऱ्यांनी तिकडे दुर्लक्ष करू नये. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते. म्हणून कोणत्या गोळ्या चालू आहेत, ते डॉक्टरांना सांगावे.

दुसरा शब्द ‘टोसिस’, म्हणजे पापणी खाली पडणे. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावली, तर वेदना किंवा दंशाची खूण नसूही शकते. सकाळी पापण्या उघडेनात, जीभ जड झाली, गिळता येईना, तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता प्रतिविष उपलब्ध असलेले रुग्णालय गाठावे. विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडले, तर जीव जातो.

अशा वेळी नातेवाइकांना इंग्रजी शब्द यायलाच हवा असे नाही. ‘डोळे उघडत नाहीत’, एवढे मराठीत सांगितले तरी डॉक्टरांना दिशा मिळते. आणि डिस्चार्ज कार्ड हातात पडल्यावर ‘याचा अर्थ काय?’ असे विचारायला संकोच नको. तो रुग्णाचा हक्क आहे.