ट्यूनर टीव्हीच्या पोटात, मग आवाज चहूबाजूंनी कसा आणायचा?

आपलं सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव, त्यामुळे आवाजाचा एक धडा आपल्याला घरबसल्या मिळालेला आहे. रिकाम्या हंड्यावर टिचकी मारा, तो घुमतो. ताटावर मारा, ते नुसतं किणकिणतं. भरदार आवाजाला पोकळी लागते. जुना डबा टीव्ही खोल होता, त्याचे स्पीकर मोठे आणि बहुधा समोर तोंड करून असायचे. आताचा सपाट टीव्ही दोन-तीन बोटं जाड. त्याचे स्पीकर चिमुकले, आणि बऱ्याचदा खाली नाहीतर मागे भिंतीकडे तोंड केलेले. म्हणून चित्र झकास दिसतं, पण मागे बसलेली आजी विचारते, "काय म्हणतोय तो?"

बचत गटाच्या बैठकीत वीस-पंचवीस जणी मिळून शेतीचा किंवा आरोग्याचा कार्यक्रम बघतात, तेव्हा ही अडचण मोठी होते. मग गटाच्या पैशातून होम थिएटर घ्यायचं ठरतं. हा पैसा पै-पै करून साठलेला असतो. म्हणून दुकानात जाण्याआधी काय बघायचं, ते आज आम्ही सांगतो.

आधी ट्यूनर म्हणजे काय ते पाहू. छत्रीतून किंवा केबलमधून आलेल्या लहरींतून चॅनल निवडून त्याचं चित्र आणि आवाज वेगळा करणारा भाग म्हणजे ट्यूनर. डीडी फ्री डिश ही दूरदर्शनची मोफत सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. तिच्यासाठी छत्री आणि टीव्ही यांच्यामध्ये सेट टॉप बॉक्स लागायचा. आता काही टीव्हींत उपग्रहाचा ट्यूनर आतच असतो. छत्रीची वायर थेट टीव्हीला जोडली की मोफत चॅनल दिसतात. मात्र दुकानदार "ट्यूनर आहे" म्हणाला की लगेच विचारा, "छत्रीचा, की फक्त केबल-अँटेनाचा?" पैसे भरून बघायच्या चॅनलांसाठी बॉक्स लागतोच.

आता खरी मेख. बॉक्स होता तेव्हा त्याच्या लाल-पांढऱ्या वायरी थेट होम थिएटरला जोडता यायच्या. बॉक्स गेला, ती वाटही गेली. आता आवाज टीव्हीच्या पोटात तयार होतो, म्हणून तो टीव्हीतूनच बाहेर काढावा लागतो. त्यामुळे स्पीकर घेण्याआधी टीव्हीची पाठ बघा. जमलं तर मोबाईलवर तिचा फोटो काढून दुकानात न्या.

पाठीवर तीन गोष्टी शोधा. पहिली, एचडीएमआयचं असं भोक, ज्याच्याशेजारी 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलेलं आहे. साध्या एचडीएमआयमधून टीव्ही आवाज आत घेतो, बाहेर देत नाही. एआरसीमधून तो परत बाहेर येतो. दुसरी, 'ऑप्टिकल' लिहिलेलं छोटं चौकोनी भोक. टीव्ही चालू असताना त्यात बहुतेक वेळा लाल उजेड दिसतो. तिसरी, हेडफोनचं गोल भोक. त्यातून डावा आणि उजवा, असे दोनच आवाज मिळतात. आणि एक ध्यानात ठेवा: लाल-पांढरी-पिवळी भोकं दिसली म्हणून हुरळू नका. त्यांच्यापाशी 'इन' लिहिलेलं असेल, तर तिथून आवाज बाहेर येणार नाही.

सराउंड साउंडचा '५.१' म्हणजे पाच स्पीकर आणि धमक देणारा एक सबवूफर. समोर डावा, उजवा आणि मधला, शिवाय बाजूंना दोन. मधल्यातून मुख्यतः बोलणं येतं. पण पाच पेट्या मांडल्या म्हणून पाच वेगळे आवाज येत नाहीत. कार्यक्रमात ते मुळात भरलेले असावे लागतात. फ्री डिशच्या बहुतेक चॅनलांचा आवाज दोन वाटांचाच, म्हणजे स्टिरिओ असतो. होम थिएटर तो पाच पेट्यांत वाटून देतं, तेवढंच. खरा ५.१ काही सिनेमांच्या फाइलींत किंवा इंटरनेटवरच्या अ‍ॅपमध्ये मिळतो, आणि तो एआरसी किंवा ऑप्टिकलमधूनच पुढे जातो. शिवाय होम थिएटरलाही तेच भोक आणि डॉल्बी डिजिटल उलगडायची सोय हवी. स्वस्त सेटवर '५.१' छापलेलं असतं, पण आत येण्याची वाट एकाच पिनची असते. त्यात पाचही पेट्या त्याच दोन आवाजांवर वाजतात.

म्हणून आमचं सांगणं असं: गटाला मुख्यतः फ्री डिश बघायचं असेल, तर पाच हलक्या पेट्यांपेक्षा दोन चांगले स्पीकर किंवा एक चांगला साउंडबार बरा. बोलणं स्पष्ट ऐकू येणं आधी, गडगडाट नंतर. खोक्यावरच्या 'पीएमपीओ'च्या मोठ्या आकड्याला भुलू नका, 'आरएमएस' वॅट किती ते विचारा. आणि आपल्या टीव्हीसारखाच टीव्ही जोडून, बातम्या लावून ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका.

घरी जोडताना आधी प्लग काढा. वायर लावली की टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'साउंड आउटपुट'मध्ये जाऊन एआरसी किंवा ऑप्टिकल निवडा. एआरसीसाठी 'सीईसी' नावाची सोयही बहुधा चालू करावी लागते. तरी आवाज नसेल, तर डिजिटल आवाजाचा प्रकार 'पीसीएम' करून बघा. पीसीएममध्ये दोनच वाटा मिळतात, पण बोलणं तरी येतं. स्पीकरच्या वायरी लाल लालला, काळी काळीला. एक जरी उलटी लागली तरी आवाज पोकळ होतो.

मांडणी आपल्या बसण्याप्रमाणे करा. आपण जमिनीवर बसतो, म्हणून समोरचे स्पीकर छताशी न टांगता बसलेल्या बाईच्या कानाच्या उंचीला, साधारण अडीच फुटांवर ठेवा. बाजूचे दोन बसणाऱ्यांच्या किंचित मागे आणि थोडे वर. सबवूफर कोपऱ्यात ठेवला की तो जास्त घुमतो आणि बोलणं झाकतं, म्हणून कोपऱ्यापासून जरा सरकवा. फरशी, स्लॅब आणि उघड्या भिंतींच्या खोलीत आवाज आदळून परत येतो. खाली सतरंजी आणि समोरच्या भिंतीवर एखादी गोधडी टांगली, तर फुकटात फरक कळेल.

शेवटची गोष्ट शेजारधर्माची. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत वस्तीतली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. बैठक अंगणात असेल तर दहाच्या आत आटपा. गल्लीत कुणाचं लेकरू परीक्षेला बसलेलं असतं, कुणाचं तान्हं नुकतंच झोपलेलं असतं. आवाज मागच्या ओळीतल्या आजीपर्यंत पोचला की पुरे, तो वेशीपर्यंत जायला नको.

येत्या बैठकीत एवढं एकच काम करा. टीव्हीची पाठ बघा आणि कोणती भोकं आहेत ते गटाच्या वहीत लिहून ठेवा. खरेदीचा ठराव त्यानंतर. राम राम.