खाकी वर्दीतला अवतार

गोमंतकातील कोलवा आणि मिरामार या दोन किनाऱ्यांची ख्याती पूर्वी वाळू, वारा आणि पर्यटक एवढ्यापुरतीच होती. गेल्या दीड दशकात हिंदी चित्रपटसृष्टीने त्यांना आणखी एक ख्याती मिळवून दिली आहे. २०११ साली 'सिंघम'मधील बाजीराव सिंघम कोलव्याच्या ठाण्यावर रुजू झाला आणि २०१८ साली 'सिम्बा'मधील संग्राम भालेराव मिरामारला अवतरला. तेव्हापासून या किनाऱ्यांवर मोटारी हवेत उडतात, गुंड रस्त्यावरून चेंडूसारखे उसळतात, आणि एकटा फौजदार पट्टा काढून पंधरा जणांना लोळवतो. रोहित शेट्टी यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटांनी तिकीटबारीवर अमाप यश मिळवले. 'सिंघम'ची पुढची आवृत्ती २०१४ साली आली, त्यानंतरची २०२४ च्या दिवाळीत. ज्या गोष्टीसाठी लोक पुनःपुन्हा पैसे मोजतात, तिची नुसती टवाळी करून भागत नाही.

अतिशयोक्ती हा आमच्या दृष्टीने या चित्रपटांचा दोष नव्हे. पेडणे महालात वा सिंधुदुर्गात जत्रेच्या रात्री दशावतारी खेळ पाहत वाढलेल्या प्रेक्षकाला अतिशयोक्तीचे वावडे असण्याचे कारण नाही. राक्षस कितीही डरकाळ्या फोडो, पहाटेच्या दहीकाल्यापूर्वी तो मरणार, हे रंगमंचासमोर बसलेल्या पोरालाही ठाऊक असते. तरीही ते पोर डोळे ताणून जागे राहते. सिंघमचा प्रेक्षक त्याच जातकुळीचा. फरक एवढाच, की दशावतारातील देव हा देव असतो. सकाळी त्याने मुकुट उतरवला की तो पुन्हा शेतावर जाणारा माणूस होतो आणि गावाचा कारभार त्याच्या हाती कोणी सोपवत नाही. चित्रपटातील अवताराच्या अंगावर मात्र सरकारी वर्दी असते, कमरेला सरकारी पिस्तूल असते, आणि चित्रपटगृहाबाहेरच्या चौकात तीच वर्दी घातलेला खराखुरा माणूस उभा असतो.

ही परंपरा हिंदीची एकटीची नाही. मुळात 'सिंघम' हा २०१० सालच्या 'सिंगम' या तमिळ चित्रपटाचा हिंदी अवतार. दक्षिणेत असे फौजदार फार आधीपासून गाजत आले आहेत. तमिळमध्ये १९८२ साली रजनीकांत यांचा 'मूंड्रु मुगम', कन्नडमध्ये १९८८ साली शंकर नाग यांचा 'सांगलियाना', तेलुगूत १९९० साली विजयाशांती यांचा 'कर्तव्यम्', मल्याळममध्ये १९९४ साली सुरेश गोपी यांचा 'कमिशनर'. हिंदीत १९७३ च्या 'जंजीर'ने संतप्त इन्स्पेक्टर पडद्यावर आणला खरा, पण तेथे लाचेच्या खोट्या आरोपाखाली तुरुंगात गेल्यानंतर, वर्दी हरवल्यावरच विजय सूडाच्या वाटेला लागतो. वर्दी आणि सूड या दोन गोष्टी एकाच अंगावर शोभत नाहीत, एवढी जाण सलीम-जावेद यांच्या पटकथेला होती.

या चित्रपटांना समाजाचे दुखणे कळत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. 'सिंघम'ची सुरुवातच मुळी खोट्या आरोपांनी पिचून आत्महत्या करणाऱ्या एका सच्च्या अधिकाऱ्यापासून होते. पुढे जयकांत शिक्रे हा राजकारणी गुंड सिंघमवर सूड उगवण्यासाठी ना सुरा वापरतो ना बंदूक. तो वापरतो बदलीचा हुकूम. (सीमेवरचा तो शिवगड नेमका कोणत्या राज्याच्या हद्दीत, याची चौकशी करू नये, महाराष्ट्रात असेल तर तिथल्या फौजदाराची गोव्यात अशी बदली करणे शिक्रेच्या बापालाही शक्य नव्हते.) तपशील कसाही असो, निदान अचूक आहे. पोलीस खात्यात शिक्षेचे सर्वांत हुकमी हत्यार म्हणजे बदली. तिला चौकशी लागत नाही, आरोपपत्र लागत नाही, कारण 'प्रशासकीय' एवढे लिहिले की पुरते. मुलांच्या शाळा अर्ध्यावर सुटतात, म्हाताऱ्या आईवडिलांची सोय लावावी लागते, नव्या गावी खोली शोधावी लागते, आणि तोवर जुन्या ठाण्यातील तपासाची फाईल दुसऱ्याच्या टेबलावर जाऊन थंड झालेली असते. हे दुःख पोलिसाच्या बायकोइतके कोणाला ठाऊक असणार?

आता विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की या हत्याराला बोथट करणारा निर्णय 'सिंघम' पडद्यावर येण्यापूर्वी पाच वर्षे होऊन गेला होता. उत्तर प्रदेश व आसामचे पोलीस महासंचालक राहिलेले प्रकाश सिंग यांनी १९९६ साली केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी निकाल दिला. पोलीस ठाण्याच्या प्रमुखापासून महासंचालकापर्यंत महत्त्वाच्या पदावरील अधिकाऱ्याला किमान दोन वर्षे हलवू नये. उपअधीक्षक व त्याखालील दर्जाच्या बदल्या मंत्र्याच्या मर्जीने नव्हे तर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांच्या मंडळाने कराव्यात. तपासाचे काम बंदोबस्ताच्या कामापासून वेगळे काढावे. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमावे, असे आदेश त्यात आहेत. अनेक राज्यांनी या आदेशांना नमस्कार करून पळवाटा शोधल्या. कोणी नवे कायदे करून त्यांची धार काढली, कोणी 'अपवादात्मक परिस्थितीत' या दोन शब्दांच्या आडून जुना धंदा चालू ठेवला. सिंघमच्या डरकाळीत या निकालाचा उच्चारही नाही. बाजीरावाने शिक्रेच्या हुकुमाला मंडळासमोर आव्हान दिले असते तर पटकथा अर्ध्या तासात आटोपली असती, हे आम्हांस कळते.

त्याऐवजी चित्रपट काय करतो? शेवटी सारे पोलीस खाते, वरिष्ठांसकट, रात्री मंत्र्याच्या घरावर चालून जाते आणि त्याचा निकाल लावते. साक्षी नाही, न्यायाधीश नाही, अपील नाही. प्रेक्षागृह टाळ्यांनी दणाणते. हा चित्रपट लागला तो २०११ चा जुलै. एप्रिलमध्ये अण्णा हजारे यांचे उपोषण होऊन गेले होते, ऑगस्टमध्ये पुन्हा होणार होते. भ्रष्टाचाराविषयीची चीड तेव्हा रस्त्यावर होती, आणि तिला पडद्यावर असा सोपा शेवट मिळाला.

याच विषयावर मराठी मनाने एकदा फार वेगळे काही सांगून ठेवले आहे. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि गोविंद निहलानी यांनी १९८३ साली 'अर्धसत्य' काढला. त्यातील अनंत वेलणकरही प्रामाणिक, तोही चिडलेला, त्याच्याही पाठीमागे बदल्या आणि अपमान. पण त्याची चीड जेव्हा हातात उतरते तेव्हा ती आधी कोठडीतल्या एका भुरट्या चोराच्या जिवावर येते. बडा गुंड अजून माडीवर बसलेला, आणि मेला तो दुबळा. चौकशीतून सुटण्यासाठी वेलणकरला त्याच रामा शेट्टीच्या दारी जावे लागते. शेवटी तो शेट्टीचा गळा आवळतो खरा, पण लगेच ठाण्यात जाऊन स्वतःला स्वाधीन करतो. ओम पुरींचा तो चेहरा पाहून टाळी वाजवण्याची इच्छा कोणाला झाली असेल असे वाटत नाही. वीस वर्षांनी प्रकाश झा यांच्या 'गंगाजल'मध्ये, भागलपूरला १९७९-८० साली पोलिसांनी कच्च्या कैद्यांचे डोळे फोडले त्या प्रकाराची सावली आहे. तेथे पोलीस अधीक्षक लोकांच्या जयघोषाविरुद्ध उभा राहून कायद्याची बाजू घेतो. ती भूमिका केली अजय देवगण यांनी. आठ वर्षांनंतर सिंघम झालेही तेच. नट तोच, या आठ वर्षांत बदलले ते प्रेक्षकाचे मागणे.

मागणे पडद्यावरच थांबले असते तर आम्ही हा लेख लिहिला नसता. ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादनजीक एका तरुण पशुवैद्य स्त्रीवरील बलात्कार व खुनाच्या प्रकरणातील चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी ठार झाले. त्या अमानुष गुन्ह्याने देश हादरला होता; लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २०२२ साली उघड झालेल्या त्याच्या अहवालाचा निष्कर्ष असा, की आरोपींवर ठार मारण्याच्या हेतूनेच गोळीबार झाला, आणि त्या चौघांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन होते. ते दोषी होते की नाही, हे ठरवण्याची संधी कोणत्याही न्यायालयाला आता मिळणार नाही. चकमकीत मृत्यू झाल्यास गुन्हा नोंदवून स्वतंत्र चौकशी व्हावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालीच, आणि तेही महाराष्ट्रातील चकमकींच्या प्रकरणात, बजावले होते. २०२३ च्या सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी पोलीस सुधारणांविषयीच्या एका कार्यक्रमात 'सिंघम'चे नाव घेऊनच या संदेशाचा धोका सांगितला.

यावर लोक म्हणतील, खटले दहा दहा वर्षे चालतात, साक्षीदार फुटतात, मग माणसाने टाळ्या तरी वाजवू नयेत काय? वाजवाव्यात. उशिराने मिळणाऱ्या न्यायाची चीड खोटी नाही, आणि न्यायालयांची कासवगती हा स्वतंत्र अग्रलेखाचा विषय आहे. पण ज्याच्यासाठी टाळ्या वाजवतो त्या प्रामाणिक फौजदाराला आपण प्रत्यक्षात काय देतो, हेही पाहावे. पोलीस ठाण्याच्या भिंतीवर आजवरच्या प्रमुख अधिकाऱ्यांचा फलक टांगलेला असतो: नाव, केव्हापासून, केव्हापर्यंत. तक्रार द्यायला गेलेल्या नागरिकाने बाकावर ताटकळताना त्या दोन तारखांची वजाबाकी करावी, आणि जेथे उत्तर दोन वर्षांहून कमी येईल तेथील अधिकारी कोणाच्या सांगण्यावरून हलला, हा प्रश्न आपल्या आमदाराला विचारावा.